नंबर गेला, डोळा तोच!

माझ्या लग्नात भटजींनी अंतरपाट दूर केला. पण माझ्यापुरता तो दूर झालाच नाही! फोटोत चष्मा नको म्हणून मामीने तो आधीच काढून घेतला होता, आणि नंबर तर दोन्ही डोळ्यांना उणे अकरा. समोरची पांढरी आकृती म्हणजेच नवरदेव असे धरून मी हार घातला. माणूस बरोबर निघाला, ही देवाची कृपा.

हे झाले हसण्यावारी. पण मुलगी तान्ही असताना एका रात्री पलंगावरून पडली. रडणे ऐकू येत होते, आणि मी चष्म्यासाठी अंधारात जमीन चाचपडत होते. तिला फारसे लागले नाही. मला मात्र त्या रात्रीने धसका दिला.

लेसरचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. लेसरने डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, थोडे घासून त्याला नवा आकार देतात. माझे पारपटल मुळातच पातळ, तेव्हा ती वाट बंद. डॉक्टरीणबाईंनी मग डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचा उपाय सांगितला.

“म्हणजे मोतीबिंदूच की!” सासूबाई म्हणाल्या. तसे नव्हे. मोतीबिंदूत आपले गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी नवे घालतात. ती कल्पना लंडनच्या हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांची. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे कण वर्षानुवर्षे निमूट राहिलेले त्यांनी पाहिले, आणि 1949 साली तसल्याच प्लॅस्टिकचे भिंग बसवले. माझ्या बाबतीत आपले भिंग जागच्या जागी राहणार, आणि त्याच्यापुढे, डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या मागे, दुसरे मऊ भिंग सरकवणार. गरज पडली तर ते काढताही येते.

तपासण्या म्हणाल तर मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमापेक्षा अधिक! नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच बंद. डोळ्यात भिंगापुरती जागा आहे का, पारपटलाच्या आतल्या पेशी पुरेशा आहेत का, हे मोजतात. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा पाहिला, आणि तिथे एक विरलेली जागा सापडली. तिच्याभोवती आधी लेसरचे टाके घालावे लागले.

“नवे भिंग बसल्यावर ही भीती जाईल ना?” मी विचारले.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचा डोळा लांबट आहे, म्हणून पडदा ताणलेला आहे. नंबर जाईल, डोळा तोच राहील. समोर काळे ठिपके वाढले, विजा चमकल्या किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी यायचे.”

मला ही जाहिरातीत न सापडणारी गोष्ट फार मोलाची वाटते.

शस्त्रक्रियेचे वर्णन थोडक्यात आटोपते, कारण ती आटोपलीच थोडक्यात. बधिर करणारे थेंब, डोळे दिपवणारा प्रकाश, दाबल्यासारखे वाटणे, एवढेच. दुसरा डोळा काही दिवसांनी झाला. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदाला टाका नाही. घरी सोडण्याआधी डोळ्याचा दाब पाहिला. रात्री डोके फार दुखून उलटी झाली तर थांबू नका, असेही बजावले होते. ह्यांनी त्या रात्री मला चार वेळा उठवून विचारले. त्रास झाला तो तेवढाच!

सकाळी पट्टी निघाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी वाचता आली. मी काही बोलले नाही. सासूबाईंनीच पदर डोळ्यांना लावला.

आता उणी बाजूही सांगते. खर्च लेसरपेक्षा पुष्कळ. आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही, डोळे चोळणे नाही. पुढेमागे मोतीबिंदूची किंवा दाब वाढण्याची शक्यता उरते, म्हणून दरवर्षी तपासणी चुकवायची नाही. आणि चाळिशी लागायची ती लागणारच! रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. पुष्कळांना हळूहळू त्यांची सवय होते. माझी कमी झाली, गेली नाहीत.

गेल्या दिवाळीत अंगणात पणत्या लावल्या तेव्हा प्रत्येकीभोवती एक फिकट वलय होते. मुलीला सांगितले, तर ती माझ्या मांडीवर चढून म्हणाली, “आई, मलापण दाखव ना!”