ॲबर्डीन टार्टन

ॲबर्डीन टार्टन हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ॲबर्डीन शहराच्या नावाने ओळखले जाणारे चौकड्यांचे लोकरी कापड होय. टार्टनमध्ये ताण्यातील रंगीत सुतांचा क्रम सामान्यतः बाण्यातही तसाच ठेवतात; त्यामुळे दोन रंग जेथे एकमेकांना छेदतात तेथे मिश्र छटा उमटते. ॲबर्डीनचा हा क्रम असाधारण लांब व बहुरंगी आहे.

टार्टन म्हणजे कुळाची खूण, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु नगरांची व प्रदेशांची नावे धारण करणारी टार्टनेही जुनी आहेत. स्टर्लिंगनजीकच्या बॅनकबर्न येथील विल्सन या विणकर पेढीच्या १८१९ सालच्या नमुनावहीत ॲबर्डीनची नोंद आढळते. अशी नावे पुष्कळदा मालाच्या ओळखीसाठी दिली जात. म्हणून केवळ नावावरून हे कापड त्या शहराच्या प्राचीन परंपरेतील आहे, असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

डी व डॉन या नद्यांच्या मुखांशी वसलेले हे शहर करड्या पाषाणाच्या इमारतींमुळे ‘ग्रॅनाइट नगरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे टार्टन मात्र रंगांनी गजबजलेले! प्रादेशिक टार्टन वापरण्यास विशिष्ट कुळात जन्म घ्यावा लागत नाही. त्या भागाशी नाते सांगणारा कोणीही ते परिधान करू शकतो.