हा पाईप कुठून येतो, कुठे जातो?

कर्वेनगरात आमच्या इमारतीखाली बाबांची १९९६ सालची मारुती ८०० उभी असते. बाबा आता ती चालवत नाहीत. पण रविवारी सकाळी शेजारच्या सीटवर बसून मला इंजिन चालू करायला लावतात आणि कान देऊन ऐकत राहतात. यंदा नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले. खासगी गाडीची पंधरा वर्षे भरली, की दर पाच वर्षांनी ही परीक्षा असते. नेमकी त्याच वेळी गाडी रुसली. सिग्नलला थांबली, की थरथरायची आणि बंद पडायची.

एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवले. थरथर कमी झाली. पण पीयूसीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला. ‘कार्बोरेटर गेलाय. नवा टाकण्यापेक्षा भंगारात काढा,’ असा सल्ला मिळाला. भावानेही तीच री ओढली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणेच मला लागले.

शेवटी वारज्याकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. त्यांनी पाना उचललाच नाही. बॉनेट उघडून मलाच विचारले, ‘ताई, हा पाईप कुठून येतो अन् कुठे जातो, सांगा बघू.’

मला सांगता येईना. ज्या हिंगण्यात महर्षी कर्व्यांनी १९०० साली झोपडीत आश्रम थाटला, जिथे त्यांच्या संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढले, त्याच परिसरात मी वाढले; पण बॉनेटखाली कधी डोकावले नव्हते!

मिस्त्रींनी मग समजावून सांगितले. पिस्टन खाली येताना हवा ओढतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला, की हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते आणि आत ओढ निर्माण होते. नळी चिमटीत धरून शहाळ्याचे पाणी ओढले, की गाल आत जातात ना, तसेच. हाच व्हॅक्यूम. तो रबरी पाइपांतून कामाला लावलेला असतो. बारीक पाईप डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे गॅरेजातल्या ‘डेल्को’च्या, चपट्या डबीत जातो आणि ठिणगी जरा आधी पाडून पेट्रोल वाचवतो. ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर असतो, तिथे जाड पाईप त्याच्याकडे जातो. तो फाटला, तर पेडल दगडासारखे घट्ट होते. आणखी एक पाईप इंजिनातली तेलकट वाफ पुन्हा जाळण्यासाठी आत नेतो. जुन्या विलिस जीपचे वायपरसुद्धा याच ओढीवर चालत. घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की ओढ कमी होई आणि ऐन पावसात वायपर मंदावत!

आमच्या गाडीचा बारीक पाईप वळणावर तडकला होता. तिथून फुकटची हवा आत शिरत होती. मिस्त्रींनी तडा अंगठ्याने दाबला आणि इंजिन शांत झाले. वीतभर पाईप बदलला, स्क्रू जागेवर आणला. गाडी पीयूसीत पास!

निघताना त्यांनी दिलेला सल्ला प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने लक्षात ठेवावा. इंजिन थंड असताना एका वेळी एकच पाईप काढा. पाइपाच्या टोकाला आणि तो बसतो त्या तोटीला एकच नंबर लिहून चिकटपट्टी लावा. आधी फोटो काढा. पेट्रोलचा पाईप वेगळा ओळखा; त्याला घरी हात लावू नका. इंजिन चालू असताना ओढणी, वेणी पंख्यापासून दूर ठेवा. आणि मुख्य म्हणजे, पाईप तपासल्याशिवाय कार्बोरेटरला दोष देऊ नका.

गाडीला आणखी पाच वर्षे मिळाली. परवाच्या रविवारी बाबा चष्मा लावून बॉनेटपाशी उभे होते आणि माझ्या मुलाला विचारत होते, ‘बोल, तीन नंबरचा कुठे जातो?’