कोणती फट बुजवायची, कोणती राखायची

नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी कारखाना उभारला, आणि तिथे तयार झालेल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती प्लास्टिकच्या किटांतून जोडणाऱ्या हौशी मंडळींना सर्वाधिक सतावणारा भाग म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरण, अर्थात कॅनोपी होय. धडाच्या दोन अर्ध्या भागांमधील फट लांबी भरून, घासून आणि रंग देऊन सहज लपवता येते. कॅनोपीच्या कडेला तोच उपाय केला तर पारदर्शक भागावर ओरखडे उमटतात, आणि काहीच केले नाही तर फट डोळ्यांत खुपते, कारण १:७२ या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावरची ३६ मिलिमीटरची, जवळजवळ दीड इंचाची भेग होय, आणि उंचावर हवेचा दाब राखणाऱ्या कॉकपिटला ती परवडणारी नसते.

तरीही प्रत्येक फट बुजवावी असे नाही, आणि बहुतेक प्रतिकृती इथेच फसतात. ओझरला प्रथम तयार झालेल्या मिग-२१ एफएलची कॅनोपी पुढच्या काचेसह अखंड होती आणि ती पुढच्या बिजागरीवर उघडत असे. वैमानिक आसनासह बाहेर फेकला गेला की हेच आवरण वाऱ्याच्या झोतापुढे ढाल व्हावे, अशी त्यामागची कल्पना होती. पुढील मिग-२१ एम आणि बिस या आवृत्त्यांमध्ये ती कल्पना सोडून देण्यात आली, पुढची काच धडाला कायमची जडवली गेली आणि तिच्यामागची कॅनोपी उजव्या बाजूला उघडू लागली. त्यामुळे बिसच्या प्रतिकृतीत पुढची काच व धड यांचा सांधा जवळजवळ नाहीसा करायचा असतो, तर काच आणि कॅनोपी यांच्यामधील रेघ ठसठशीत राखायची असते. एफएलमध्ये मात्र खालची संपूर्ण कडाच उघडणारी असल्याने ती सर्वत्र सारख्या जाडीच्या बारीक रेघेसारखी दिसली पाहिजे. ती बुजवली तर वैमानिकाला आत जायला वाटच उरत नाही! एफएल २०१३ मध्ये आणि उरलेली मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाल्यामुळे हा फरक आता जुन्या छायाचित्रांवरूनच तपासावा लागतो.

किटातील पारदर्शक भाग इतर भागांपेक्षा कडक आणि ठिसूळ प्लास्टिकचे असल्याने ते ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यापासून कटरने थेट कडेला तोडले तर आत पांढरी चीर पळते, आणि ती कशानेही पुसली जात नाही. म्हणून चौकटीची दांडी आधी भागापासून दूर कापून उरलेला खुंट धारदार ब्लेडने थोडाथोडा तासावा लागतो. त्यानंतरची कोरडी जुळणी, म्हणजे गोंद न लावता भाग बसवून पाहणे, धडाचे अर्धे भाग चिकटवण्याआधीच करणे शहाणपणाचे ठरते: धड कॅनोपीपेक्षा अरुंद असेल तर कॉकपिटच्या मागे चौकटीच्या टाकाऊ दांडीचा तुकडा आडवा बसवून ते किंचित फाकवता येते. धड एकदा जुळून गेले की कॅनोपी दाबून बसवण्याचा मोह होतो, आणि दाबून बसवलेली कॅनोपी बहुधा तडकते.

चिकटवण्याच्या बाबतीत सर्वांत मजबूत गोंद सर्वांत घातक असतो. प्लास्टिक विरघळवणाऱ्या सिमेंटचा एक थेंब केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणधर्माने, आत शिरून पारदर्शक भाग कायमचा डागाळतो. फेविक्विकसारख्या सायनोअॅक्रिलेट गोंदाची वाफ हवेतील दमटपणाशी संयोग पावून काचेवर पांढरी पूड होऊन बसते, आणि बंद कॉकपिटमध्ये ती वाफ कोंडून राहत असल्याने हा प्रकार हमखास घडतो. त्यामुळे सुतारकामाचा पांढरा फेविकॉल इथे बाजी मारतो. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी खास हौशी साहित्य बाहेरून मागवावे लागत असले, तरी हा गोंद, वॉटर पेपर आणि ब्लेड जवळच्या दुकानात मिळतात. फेविकॉल वाळताना पारदर्शक होतो, सांडलेला भाग ओल्या कापसाने पुसता येतो आणि जडवलेल्या काचेची फटही तोच भरून काढतो. फक्त पाणी उडून गेल्यावर तो आकसतो, म्हणून तो दोन पातळ थरांत भरावा.

ओरखडा पडलाच तर १००० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून शेवटी साध्या पांढऱ्या टूथपेस्टने झिलई आणता येते.

रंग देताना काच मास्किंग टेपने झाकून कॅनोपीच्या चौकटीच्या पट्ट्यांवर आधी कॉकपिटच्या आतल्या निळसर हिरव्या रंगाचा आणि त्यावर विमानाच्या बाहेरच्या रंगाचा थर देतात, कारण काचेतून आत पाहिल्यावर पट्टीची मागची बाजू दिसतेच. टेप काढण्याआधी तिच्या कडेने ब्लेडचे टोक हलके फिरवून रंगाचा पापुद्रा तोडावा, आणि टेप वर न ओढता, जवळजवळ काचेला समांतर ठेवून सावकाश मागे न्यावी.