एक भात, चार नावे

वाण्याच्या दुकानातल्या पोत्यावर 'सोना मसुरी' हे नाव मी लहानपणापासून वाचत आले. हा तांदूळ हिमालयातल्या मसुरीचा, अशी आमच्या घरातली पक्की समजूत होती. त्या नावाचा माग काढत मी मलायापर्यंत (आजच्या मलेशियापर्यंत) गेले आणि तिथून पुन्हा कटकला पोहोचले.

बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, 1946 साली, कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली. कृष्णस्वामी रामय्या तिचे पहिले संचालक. आपला इंडिका भात उंच वाढे आणि जास्त खत दिले की आडवा पडे. जपानचा जॅपोनिका खत पचवी, पण आपल्या हवेत त्याचा जम बसेना. म्हणून 1950 नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कटकला दोघांचा संकर सुरू केला. आशियातले देश आपापले वाण तिथे पाठवत आणि संकराचे बी निवडीसाठी त्यांच्याकडे परत जाई. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तरी या कामात भारत आणि पाकिस्तान दोघेही होते. 1954 मध्ये तरुण कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथनही काही काळ याच कामावर होते.

संकर शेकड्यांनी झाले, पण बहुतेकांचे दाणे पोचट निघाले. हाती लागले ते मोजकेच: तंजावरचा एडीटी 27, मलायाचा मलिंजा आणि महसुरी. तैवानचा ताइचुंग 65 आणि मलायाचा मायांग एबोस यांच्यापासून झालेला महसुरी 1965 साली प्रसारित झाला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. महसुरी भारतात आला, पण लोळतो म्हणून चाचण्यांत मागे पडला. असे सांगतात, की आंध्रातल्या एका शेतमजुराने त्याचे थोडे बी घरी नेले आणि मग ते शेतकऱ्यांच्या हातून हाती पसरत गेले. त्या मजुराचे नाव कुठेच नोंदलेले नाही, आणि ही मला आपल्या कृषी इतिहासातली मोठी उणीव वाटते. नेपाळात हाच भात 'मसुली' झाला. पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) तो 'पाजम' झाला: पाकिस्तान, जपान, मलेशिया या तीन देशांची आद्याक्षरे. आपल्याकडे तो मसुरी.

सोना मसुरी आणि सांबा मसुरी ही त्याचीच संतती. 1982 चा 'स्वर्णा'ही त्याचाच वंशज. स्वर्णाचे बी सरकारी परवान्याची वाट न पाहता बांगलादेश आणि नेपाळात पोहोचले. पुढे ओडिशातल्या जुन्या वाणातला, पूर सोसण्याचा गुण त्यात आणला गेला. दोन आठवडे पाण्याखाली तग धरणारा हा स्वर्णा-सब1 भारताला 2009 मध्ये, बांगलादेशाला 2010 मध्ये आणि नेपाळला 2011 मध्ये मिळाला. गंगेच्या खोऱ्यात पूर एकच, तरी परवाने मात्र तीन.

एका देशात तपासलेले वाण शेजाऱ्याने पुन्हा सगळ्या चाचण्या न घेता स्वीकारावे, असे या तिन्ही देशांनी 2014 साली ठरवले. हा करार कागदावर राहू नये. शेतकऱ्यांनी तो कित्येक वर्षे आधीच पाळला आहे.