विद्युत् बसचे बिनतारी भारण

बसमधील विद्युत् घटमालेला तारेने वा संपर्कदंडाने न जोडता प्रवर्तनाने ऊर्जा पुरविण्याच्या पद्धतीस बिनतारी भारण म्हणतात. रस्त्यात पुरलेल्या वेटोळ्यातून उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बसच्या तळाशी बसविलेल्या वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. तत्त्व रोहित्राचेच होय (⟶ रोहित्र). मात्र रोहित्रात दोन्ही वेटोळी एकाच गाभ्यावर असतात, तर येथे त्यांच्यामध्ये हवेची फट असते. फट वाढली किंवा बस किंचित बाजूला थांबली, तर क्षेत्राचा बराच भाग ग्राही वेटोळ्यापर्यंत पोहोचत नाही. धारित्रे जोडून दोन्ही मंडले संस्पंदित ठेवल्याने ही उणीव काही अंशी भरून निघते.

मिल्टन कीन्झ (इंग्लंड) येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या आठ बसगाड्यांत ग्राही वेटोळे थांब्यावर रस्त्यापासून सु. ४ सेंमी.पर्यंत खाली आणीत. गुमी (दक्षिण कोरिया) येथील २०१३ च्या योजनेत फट १७ सेंमी. असूनही कार्यक्षमता ८५ टक्क्यांपर्यंत मिळाली व धावत्या बसलाही ऊर्जा पुरविता आली. हलते भाग टळले, पण त्यासाठी मार्गाचे काही पट्टे खणावे लागले.

वेळापत्रकाचा प्रश्न याहून बिकट आहे. मिल्टन कीन्झ येथे मार्गाच्या टोकाला १२० किलोवॉटने सु. १० मिनिटे भारण होई. म्हणजे २० किलोवॉट-तास ऊर्जा. मध्यम बसला दर किमी.स सु. १ किलोवॉट-तास लागतो असे धरल्यास ही शिदोरी २० किमी.ची होते, तर मार्ग सु. २४ किमी.चा होता. उरलेली तूट रात्रीच्या भारणातून भरावयाची. बस गर्दीत अडकून चार मिनिटे उशिरा आली, तर एक तर ८ किलोवॉट-तास सोडून द्यावयाचे, नाही तर पुढची फेरी उशिरा सोडावयाची. हिवाळ्यात तापनाचा भार वाढतो तो वेगळाच. मोठी घटमाला बसविणे हा उपाय खरा. परंतु लहान व हलकी घटमाला हाच या पद्धतीचा मुख्य लाभ असल्याने तो उपाय मुळावरच येतो.

फटीत पडलेले नाणे किंवा डबा आवर्त प्रवाहांमुळे तापतो. म्हणून धातूचा सुगावा लागताच प्रवाह तोडणारी यंत्रणा लागते. बस वर नसताना वेटोळे बंद ठेवतात. पुरलेले वेटोळे नादुरुस्त झाल्यास फरसबंदी उखडावी लागते आणि बसमार्ग बदलल्यास ते तेथेच अडकून पडते. मोटारगाड्यांसाठी ८५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे व ११ किलोवॉटपर्यंतचे अमेरिकी मानक २०२० मध्ये निश्चित झाले. बसला याच्या दहापट वा अधिक शक्ती लागते.