बरे झाल्यानंतरचा मुक्काम

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालयांत दिवस उजाडतो तो शिरगणतीने. मग चहा, गोळ्या, आणि ज्याचे चित्त किंचित स्थिरावले असेल त्याला विणकामाची वा बागकामाची सोबत. १९१२ च्या कायद्याने ज्याला ‘वेडा’ म्हणून मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत धाडता येई, त्याच मनुष्याला साखळदंड घालणे, वा भूल न देता विजेचे झटके देणे, २०१७ च्या कायद्याने निषिद्ध ठरविले. एवढेच नव्हे, तर केवळ कुटुंबीय स्वीकारत नाहीत म्हणून कोणास तेथे ठेवता येणार नाही, असेही बजावले. (हे कलम लिहावे लागले, यातच काय ते आले.) तरीही एखादा बरा झालेला मनुष्य गाठोडे बांधून बसतो, आणि दप्तरातील जुन्या पत्त्यावर धाडलेले पत्र ‘येथे राहत नाहीत’ अशा शेऱ्यासह परत येते.