बेळगावला सकाळी जाऊन संध्याकाळी परत : सीमाभागातल्या बसप्रवासात काय लक्षात ठेवावं?

कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, मिरज या भागातल्या बऱ्याच मुस्लिम घरांची रिश्तेदारी निपाणी, संकेश्वर आणि बेळगावात आहे. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाची खाला तिकडची. मंगनी असो, अकिका असो की मयत, सकाळी एसटीने जाऊन रात्री घरी परतणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. पण मध्ये जी हद्द लागते, तिच्यावरून दोन राज्यांचा वाद चालू आहे. वाद तापला की सगळ्यात आधी बस बंद होते. म्हणून या प्रवासाची नीट माहिती घरात सगळ्यांना असायला हवी.

वाद नेमका काय?

बेळगाव आधी मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. केंद्राने १९६६ साली महाजन आयोग नेमला. त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाव, निपाणी, कारवारसह ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. कर्नाटकाच्या मते हा प्रश्न कधीच संपलेला आहे.

विद्यार्थी आम्हाला विचारतात, "सर, तिकडे जायला परवानगी लागते का?" अजिबात नाही. भारतात कुठेही फिरण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पास नाही, व्हिसा नाही. फक्त आधार कार्ड जवळ असू द्यावं.

जायचं कसं?

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटक परिवहनची बस, दोन्ही मिळतात. कागल हे आपल्याकडचं शेवटचं मोठं गाव. पुढे कोगनोळीला कर्नाटक सुरू होतं, मग निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव. अंतर साधारण ११० किलोमीटर. अडीच-तीन तास धरून चाला. फजरनंतर निघालात तर दुपारच्या आत आरामात पोहोचता.

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव 'बेळगावी' आहे. मोबाईलवर तिकीट काढताना बेळगाव टाकून सापडलं नाही तर बेळगावी टाकून बघा. कर्नाटकच्या बसवरची पाटी बहुतेक कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर सरळ कंडक्टरला विचारा. बेळगाव बसस्थानकात मराठी आणि दखनी उर्दू समजणारे भरपूर भेटतात. तरी 'एष्टु' म्हणजे किती आणि 'एल्ली' म्हणजे कुठे, एवढे दोन शब्द मुलांना शिकवून ठेवा. समोरच्याच्या भाषेत एक शब्द बोललं की तोही दोन पावलं पुढे येतो.

तिकिटाचा हिशोब

इथेच बायकांची सगळ्यात जास्त गडबड होते. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पण या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्दीपुढे पूर्ण भाडं पडतं. कर्नाटकात जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये महिलांना तिकीट नाही, पण ही सोय तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे.

समजा, कागलची भावजय आणि निपाणीची नणंद दोघी निपाणीहून बेळगावच्या बसमध्ये शेजारी-शेजारी बसल्या. नणंद आधार दाखवून फुकट जाईल, भावजयला पूर्ण पैसे मोजावे लागतील. घर एक, बस एक, पण तिकिटं दोन तऱ्हेची. यात कंडक्टरचा काही दोष नाही, त्याच्याशी भांडू नये. हद्दीपुढचं पूर्ण भाडं लागणार हे धरूनच पैसे घ्यावेत.

बस बंद झाली तर?

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटी थांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव भागात एका कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं गेलं. पुन्हा बस बंद. अशा वेळी गाड्या हद्दीच्या अलीकडेच थांबवतात. म्हातारी माणसं, बाळंतीण आणि दवाखान्यात निघालेले रुग्ण यांचे सगळ्यात जास्त हाल होतात. त्यांचा या भांडणाशी काय संबंध?

म्हणून काही गोष्टी पाळा. १ नोव्हेंबरला तिकडे राज्योत्सव असतो आणि मराठी संघटना काळा दिन पाळतात. डिसेंबरच्या सुमारास बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. या दिवसांत फार गरज नसेल तर जाणं टाळा. निघण्याआधी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारा. बेळगावात उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या, मगच पाहुण्यांकडे जा. मिरजेहून कुडची, घटप्रभामार्गे बेळगावला रेल्वे जाते. ती केंद्राची असल्याने राज्यांनी बस थांबवली म्हणून रेल्वे थांबत नाही. आणि बसमध्ये, चहाच्या टपरीवर या विषयावर वाद घालू नका. खोटे व्हिडिओही पुढे पाठवू नका. एका अफवेने शंभर प्रवासी अडकतात.

वेळ उरला तर मुलांना बेळगावचा किल्ला जरूर दाखवा. बसस्थानकापासून जवळच आहे. आत आदिलशाही काळातली सफा मशीद आणि कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर, दोन्ही आहेत. बराच भाग लष्कराकडे असल्याने कुठवर जाता येतं ते दारातच विचारून घ्या.

हद्दीचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. तोपर्यंत खालाची तब्येत विचारायला जाणं कुणी थांबवू नये. नीट माहिती घेऊन निघालं तर अडचण कमी येते, आणि रिश्ता टिकतो.